चांगलं अंग का काढायचं? ब्रॅका-१ पॉझिटिव्ह आलेल्या एका ताईंना उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. वय ३६, दोन मुलं, थोरली मुलगी ११ वर्षांची. आई अंडाशयाच्या कॅन्सरने ४८व्या वर्षी गेली. मोठ्या बहिणीला ३९व्या वर्षी स्तनाचा कॅन्सर निघाला, ट्रिपल निगेटिव्ह प्रकारचा, म्हणजे हॉर्मोनची औषधं ज्यावर चालत नाहीत असा. तिच्या रक्ततपासणीत ब्रॅका-१ या जनुकात दोष सापडला. मग ताईंनी स्वतःची तपासणी केली, तीही पॉझिटिव्ह आली. एका डॉक्टरांनी सांगितलं, "दोन्ही स्तन, दोन्ही अंडाशय, पिशवी, सगळं एकदम काढून मोकळ्या व्हा." दुसरे म्हणाले, "काही झालेलंच नाही तर हात कशाला लावायचा? सहा महिन्यांनी सोनोग्राफी करत राहा." आणि घरी सासूबाई विचारतात, "चांगलं अंग कापायला कोणी जातं का?" आता ऐकायचं कोणाचं?

ताई, मी नागपुरात गेली बावीस वर्षं बायकांच्या कॅन्सरच्या शस्त्रक्रिया करते आहे, आणि तुमच्यासारखा प्रश्न आता महिन्यातून दोन-तीनदा तरी समोर येतो. माझं म्हणणं आधीच सांगते. त्या दोन्ही डॉक्टरांचं अर्धं-अर्धं बरोबर आहे. चूक इतकीच, की दोघांनीही स्तन आणि अंडाशय एकाच मापाने मोजले. अंडाशयाचा कॅन्सर वेळेत पकडणारी तपासणी आज जगात कुठेच नाही, म्हणून त्यांच्यासाठी एक तारीख ठरवावी लागते. स्तनांची तशी गत नाही. तिथे चांगली तपासणी आहे, म्हणून निवड करायला जागा आहे. तुमचा सगळा निर्णय या एका फरकावर उभा राहतो.

सासूबाईंवर रागावू नका. त्यांची शंका रास्त आहे. आपल्याकडे गरज नसताना पिशव्या काढल्याची उदाहरणं थोडी नाहीत. बीडच्या ऊसतोड बायकांचं प्रकरण २०१९ मध्ये विधिमंडळापर्यंत गेलं होतं. ज्या बाईने गावात, नात्यात असं पाहिलं आहे, ती चांगल्या अवयवाला हात लावू देणार नाहीच. त्यांना पुढच्या भेटीला सोबत घेऊन या. कागदावर आकडे मांडून दाखवले की नव्वद टक्के सासवांना पटतं, असा माझा अनुभव आहे. उरलेल्यांना वेळ लागतो.

आकडे असे आहेत. ब्रॅका-१ मध्ये दोष असलेल्या बाईला ऐंशीच्या वयापर्यंत स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता साधारण ७२ टक्के आणि अंडाशयाचा होण्याची ४४ टक्के. ब्रॅका-२ या जोडीच्या जनुकात दोष असेल तर हेच आकडे साधारण ६९ आणि १७ टक्के. हजारो बायकांना वर्षानुवर्षं पाहून २०१७ मध्ये हे आकडे मांडले गेले. आपण तेच धरून चालतो. पण ७२ टक्के हा आयुष्यभराचा हिशोब आहे, उद्याचा नाही. अंडाशयाचा कॅन्सर ब्रॅका-१ मध्येसुद्धा चाळिशीच्या आत फारसा होत नाही, शंभरात दोघींना वगैरे. चाळीस ओलांडली की आकडा भराभर चढतो. म्हणून ब्रॅका-१ साठी ३५ ते ४० या वयात, मुलं झाली की, अंडाशय आणि नळ्या काढाव्यात असा सल्ला जगभर दिला जातो. ब्रॅका-२ मध्ये हा कॅन्सर उशिरा येतो, त्यामुळे ४० ते ४५ पर्यंत थांबता येतं. तुमचं वय ३६. म्हणजे पुढच्या सोमवारी ऑपरेशन करायची घाई नाही, आणि "बघू, मुलीचं दहावीचं झालं की" असंही नाही. एक-दोन वर्षांच्या आतली, तुमच्या सोयीची तारीख.

मात्र तारखेच्या आधी तुमचा जनुकाचा रिपोर्ट स्वतः वाचा. त्यात 'पॅथोजेनिक' (आजार घडवणारा) किंवा 'लाइकली पॅथोजेनिक' (बहुधा आजार घडवणारा) असं स्पष्ट लिहिलेलं हवं. 'अनिश्चित महत्त्वाचा बदल', म्हणजे व्हीयूएस, असं लिहिलं असेल तर त्या कागदावर कोणतीही शस्त्रक्रिया होत नाही. तीन वर्षांपूर्वी चंद्रपूरकडच्या एक बाई माझ्याकडे आल्या. वय ३४. दुसरीकडे ऑपरेशनची तारीख मिळालेली, सुट्टी टाकलेली, मुलांना आईकडे ठेवलेलं. रिपोर्ट पाहिला तर व्हीयूएस. असे बहुतेक बदल पुढे निरुपद्रवीच ठरतात. मी त्यांना परत पाठवलं तेव्हा त्या बाकावर बसून रडल्या. आधी मला वाटलं सुटकेचं रडू असेल. नंतर कळलं की महिनाभर त्या स्वतःला आजारी समजून जगत होत्या आणि तसं नाही हे कोणी सांगितलंच नव्हतं. तुमच्या बाबतीत बहिणीत आणि तुमच्यात एकच दोष सापडला आहे, त्यामुळे ही शंका कमी. तरी दोन्ही कागद शेजारी ठेवून ओळ न् ओळ जुळवून घ्या.

घराण्याचा इतिहासही नीट काढा, कारण त्यावरून भावंडांचं, चुलत-मावस बहिणींचं ठरणार आहे. मी केसपेपरच्या मागच्या बाजूला झाड काढते. आजी, तिच्या बहिणी, मावश्या, आत्या, सगळ्या. "कोणाला कॅन्सर होता का?" असं विचारलं की पहिलं उत्तर "नाही जी, कोणालाच नाही" असंच येतं. मग मी विचारते, कोणाच्या पोटात पाणी झालं होतं का? तिथे सोबत आलेली म्हातारी बाई एकदम बोलते, "हो, माझ्या मोठ्या बहिणीच्या पोटात पाणी भरे. काढलं की पुन्हा भरे. चार महिन्यांत गेली." साठ-सत्तर वर्षांपूर्वी अंडाशयाच्या कॅन्सरचं नाव खेड्यात कोणी घेतलं नाही, पण पोटातलं पाणी लोकांच्या लक्षात राहिलं. तसंच "पिशवी काढली होती" या वाक्याचं. पिशवी काढली म्हणजे अंडाशयही गेले, असं नसतं. किती तरी बायकांची पिशवी गेलेली आणि अंडाशय जागेवर असतात, आणि त्यांना ते माहीतच नसतं. जुना डिस्चार्ज कागद सापडला तर उत्तम, नाहीतर सोनोग्राफीत पाहता येतं.

आणि हो, हा दोष आईकडूनच येतो हा समज सोडा. तो बापाकडूनही तितकाच येतो. प्रत्येक मुलाला, मुलगा असो की मुलगी, मिळण्याची शक्यता निम्मी. त्यामुळे आत्याचा आजार मावशीच्या आजाराइतकाच महत्त्वाचा. मामी-काकू एरवी रक्ताच्या नसतात, पण मामाची मुलगी करायची चाल असलेल्या घरांत मी त्यांनाही झाडात घेते.

आता अंडाशयांकडे येते. सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि सीए-१२५ नावाची रक्ततपासणी करत राहिलं तर काय बिघडलं, असं तुम्हाला वाटेल. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून जास्त, पाळी गेलेल्या, सामान्य धोक्याच्या स्त्रियांवर या तपासण्या वर्षानुवर्षं करून पाहिल्या. २०२१ मध्ये अंतिम निकाल आला: मृत्यू कमी झाले नाहीत. जास्त धोक्याच्या बायकांमध्येही तपासणीने जीव वाचतात असं सिद्ध झालेलं नाही. कारण हा कॅन्सर गाठ मोठी होऊन मग पसरतो असं नाही. तो बहुतेकदा अंडाशयात सुरूच होत नाही. सुरू होतो गर्भनलिकेच्या टोकाशी, जिथे नळीला पदराच्या झालरीसारखी नाजूक बोटं असतात. तिथल्या पेशी मोकळ्या पोटात सांडतात. सोनोग्राफीत दिसेपर्यंत आजार पोटभर झालेला असतो. तुमच्या आईला किती उशिरा कळलं, ते आठवा. त्यात आईची किंवा तुमची हयगय नव्हती. या आजाराचा स्वभावच तसा.

म्हणून शस्त्रक्रियेत दोन्ही नळ्या आणि दोन्ही अंडाशय, चारही काढावे लागतात. दुर्बिणीने होतं. पोटावर तीन-चार बारीक छेद, पूर्ण भूल, तासाभराचं काम, बहुतेक जणी दुसऱ्या दिवशी घरी जातात. धोका ८० टक्क्यांहून अधिक कमी होतो, आणि ज्या बायकांनी हे केलं त्या जास्त जगल्या, असं अभ्यासांत दिसलं आहे. पोटाच्या अस्तरातून होणाऱ्या तशाच कॅन्सरचा थोडासा धोका मात्र उरतो.

इथे एका गोष्टीवर मी अडून बसते. काढलेला नमुना कसा तपासला जातो, हे ऑपरेशनच्या आधी विचारा. साध्या कारणासाठी काढलेल्या नळीचा एखादा तुकडा पाहून रिपोर्ट दिला जातो. तुमच्या नळीचं तसं चालणार नाही. झालरीचं टोक उभं चिरून, बाकी नळी दोन-तीन मिलिमीटरच्या चकत्या करून, संपूर्ण नळी आणि संपूर्ण अंडाशय सूक्ष्मदर्शकाखाली जायला हवेत. चाळीस-चाळीस काचपट्ट्या होतात. पॅथॉलॉजिस्टला अर्जावर ठळक लिहून द्यावं लागतं: "ब्रॅका-१, प्रतिबंधक शस्त्रक्रिया, नळी पूर्ण तपासावी." माझ्या एका रुग्णाचं ऑपरेशन दुसऱ्या शहरात झालं होतं. रिपोर्टमध्ये एकच ओळ: नळ्या व अंडाशय सामान्य. उरलेला नमुना मागवला तर तो टाकून दिलेला. त्या बाईला आणि मला आयुष्यभर त्या एका ओळीवर विश्वास ठेवावा लागणार. याउलट भंडारा जिल्ह्यातल्या एक शिक्षिका, वय ४२, ब्रॅका-१. ऑपरेशनच्या वेळी सगळं स्वच्छ, गुलाबी, नजरेला काही म्हणजे काही नाही. सहाव्या दिवशी पॅथॉलॉजिस्टचा फोन आला: उजव्या नळीच्या झालरीत तीन मिलिमीटरचा डाग, कॅन्सरची अगदी पहिली पायरी, अजून आत न शिरलेली. पोट धुऊन घेतलेलं पाणीही तपासलं होतं, त्यात पेशी नव्हत्या. तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढा तो डाग. आजही त्या दर सहा महिन्यांनी दाखवायला येतात. अशा प्रतिबंधक शस्त्रक्रियांमध्ये शंभरातल्या साधारण दोन ते पाच जणींना लपलेला आजार सापडतो. म्हणून संमतीपत्रावर सही करताना ही शक्यता नवऱ्यालाही माहीत असू द्या.

पिशवीचं काय? सक्ती नाही. ब्रॅका-१ मध्ये गर्भाशयाच्या एका दुर्मिळ प्रकारच्या कॅन्सरचा धोका किंचित वाढतो, आणि पिशवी नसेल तर अंडाशय गेल्यावर घ्यायच्या हॉर्मोन्सपैकी (त्याबद्दल पुढे सांगते) एकच घ्यावं लागतं, हे काढण्याच्या बाजूचे मुद्दे. ऑपरेशन मोठं होतं, हा विरुद्ध बाजूचा. दोन्ही चालतं. नुसत्या नळ्या आता आणि अंडाशय काही वर्षांनी, असंही काही जणी विचारतात. कल्पना आकर्षक आहे, परदेशात त्यावर मोठे अभ्यास चालू आहेत, पण ते तितकंच वाचवतं हे अजून सिद्ध झालेलं नाही. आईचा इतिहास पाहता मी तुम्हाला ते सुचवणार नाही.

आता ज्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं ते. अंडाशय गेले की पाळी त्याच दिवशी जाते. नैसर्गिक पाळी जायला चार-पाच वर्षं घेते, शरीर सवय करून घेतं. इथे रात्रीतून होतं. अंगातून गरम वाफा, रात्री घामाने उशी ओली, झोप उडणं, चिडचिड, योनीमार्गाचा कोरडेपणा, संबंधांची इच्छा कमी होणं. पुढे हाडं ठिसूळ होणं आणि हृदयाचा धोका वाढणं. छत्तिसाव्या वर्षी हे अंगावर काढून चालत नाही. तुम्हाला स्वतःला स्तनाचा कॅन्सर झालेला नाही, म्हणून तुम्हाला हॉर्मोन्स देता येतात, आणि नैसर्गिक पाळी ज्या वयात गेली असती त्या वयापर्यंत, म्हणजे साधारण पन्नाशीपर्यंत, ती द्यायलाच हवीत असं माझं ठाम मत आहे. बायका घाबरतात, कारण २००२ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाने हॉर्मोन्सना बदनाम केलं. पण त्या अभ्यासातल्या स्त्रिया सरासरी ६३ वर्षांच्या होत्या, पाळी कधीच गेलेल्या. तुमच्या शरीरात जे अजून चौदा वर्षं तयार झालं असतं, तेच आपण परत देतो आहोत. पिशवी ठेवली तर दोन हॉर्मोन्स, काढली तर एक. तुमच्या बहिणीचं वेगळं. तिला कॅन्सर होऊन गेला आहे, तिला ही हॉर्मोन्स देत नाहीत. वाफांवर दुसरी औषधं आहेत.

औषध ऑपरेशनच्या आधी ठरलेलं, लिहिलेलं आणि शक्यतो घरात आणून ठेवलेलं असावं. "नंतर बघू" म्हणणाऱ्या बायका दोन महिन्यांनी झोपेविना माझ्यासमोर बसतात. आणि जमलं तर मे महिना टाळा. नवतपात, पारा ४५ वर असताना, आधीच कोणाला झोप नसते, त्यात या वाफा. दिवाळीनंतरचा काळ आपल्याकडे सगळ्यात बरा. सुरुवातीला एक डेक्सा तपासणी करून हाडांची घनता नोंदवून ठेवा, ड जीवनसत्त्व पाहा, रोज चाला. आणि नवऱ्याला आधी सांगा की इच्छा कमी झाली तर तो त्याच्यावरचा रुसवा नाही. मी जोडप्यांना एकत्र बसवून हे बोलते. पुरुष खाली पाहतात, पण ऐकतात.

स्तनांबद्दल. इथे तुमच्यापुढे दोन खरे रस्ते आहेत. पहिला, डोळ्यांत तेल घालून तपासणी: दर वर्षी एमआरआय आणि दर वर्षी मॅमोग्राफी, मध्ये सहा महिन्यांचं अंतर ठेवून. एमआरआय पाळीच्या सातव्या ते पंधराव्या दिवसात करायचा, त्या वेळी चित्र स्वच्छ येतं. सेंटर निवडताना "ब्रेस्ट कॉइल, म्हणजे एमआरआयचा स्तनांसाठीचा खास भाग, आहे का, आणि स्तनाचे एमआरआय तुम्ही नियमित वाचता का" हे फोनवरच विचारा. मशीन सगळीकडे आहे, वाचणारा डोळा सगळीकडे नाही. तपासणीने कॅन्सर टळत नाही, लवकर सापडतो. ट्रिपल निगेटिव्ह असेल तर गाठ लहान असली तरी केमो बहुधा लागते.

दुसरा रस्ता, दोन्ही स्तनांतली ग्रंथी काढून टाकणं. धोका ९० टक्क्यांहून अधिक कमी होतो. त्वचा आणि स्तनाग्र राखून, आत इम्प्लांट किंवा पाठीचा-पोटाचा स्वतःचाच मांसल भाग बसवून आकार परत देता येतो. आरशात बरं दिसतं. पण स्पर्श जातो, हे मी प्रत्येकीला स्पष्ट सांगते. तान्ह्या बाळाला छातीशी धरल्यावर जे जाणवतं, ते जातं. ड्रेनच्या नळ्या घेऊन आठ-दहा दिवस काढावे लागतात, इम्प्लांट पुढे कधीतरी बदलावं लागतं, एखाद्या वेळी जंतुसंसर्ग होऊन काढावंही लागतं. या शस्त्रक्रियेने कॅन्सर टळतात यात शंका नाही. आयुष्य किती वाढतं, याचा पुरावा अंडाशयाच्या शस्त्रक्रियेइतका पक्का नाही, कारण चांगल्या तपासणीतही बहुतेक जणी वाचतात. म्हणून इथे "हेच करा" असं मी म्हणत नाही. बहिणीची केमो जवळून पाहिलेली बाई अनेकदा म्हणते, मला ती वाट पाहायचीच नाही. ते कारण पुरेसं आहे. दुसरी म्हणते, मी एमआरआयला जाईन पण शरीर असंच राहू दे. तेही पुरेसं आहे.

अँजेलिना जोलीचं नाव निघतंच. तिने २०१३ मध्ये स्तनांची शस्त्रक्रिया जाहीर केली आणि अंडाशय २०१५ मध्ये काढले. तिचाही ब्रॅका-१, तिचीही आई अंडाशयाच्या कॅन्सरने ५६व्या वर्षी गेलेली. तिने सगळं एकदम केलं नाही, हे लक्षात घ्या. तुमच्यासाठी माझा क्रम असा: या वर्षी एमआरआय आणि मॅमोग्राफी, हॉर्मोनची आखणी, मग वर्ष-दीड वर्षात अंडाशय आणि नळ्या. स्तनांचा निर्णय त्यानंतर, शांतपणे. दोन्ही एकाच भुलीत करायचं तुम्ही स्वतः ठरवलंत तर ते करता येतं, पण दोन मोठे धक्के एकाच महिन्यात पचवणाऱ्या बायका मी थोड्याच पाहिल्या आहेत.

पैशांचं एवढंच: कॅन्सर झालेला नसताना केलेली शस्त्रक्रिया म्हणून विमा कंपनी नकार देऊ शकते. जनुकाचा रिपोर्ट आणि डॉक्टरांचं सविस्तर पत्र जोडून आधी लेखी मंजुरी मागा, तोंडी "होऊन जाईल" वर दाखल होऊ नका.

तुमच्या भावाचाही विचार करा. "मला काय त्याचं" असं तो म्हणेल. त्याच्यात दोष असेल तर त्याच्या मुलींना मिळू शकतो, आणि त्याला स्वतःलाही प्रोस्टेटचा धोका थोडा वाढतो. घरातला दोष माहीत असल्यामुळे त्याला पूर्ण तपासणी नको, तेवढीच एक जागा पाहतात. ती बरीच स्वस्तात होते. बहिणीला सांगा की स्तनाचे उपचार झाले म्हणजे काम संपलं नाही. ती तुमच्यापेक्षा मोठी आहे, अंडाशयांची तारीख तिची आधी येते. केमोच्या गडबडीत हे विसरलेलं मी पाहिलं आहे.

आणि मुलगी. पत्राच्या शेवटी तुम्ही विचारलं आहे की तिचं रक्त आत्ताच तपासू का, आणि हे बाहेर कळलं तर तिच्या लग्नाचं काय. आत्ता तपासू नका. अठराच्या आत ही तपासणी करत नाहीत, कारण त्या वयात करण्यासारखं काही नसतं, आणि निर्णय तिचा तिने घ्यायचा असतो. तिला दोष मिळालेला नसण्याचीही निम्मी शक्यता आहे. मिळाला असला तरी एमआरआय पंचविशीपासून सुरू होतो. नातेवाइकांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा, माझ्याकडून कोणाला काही कळत नाही. तुम्ही फक्त तुमचा मूळ रिपोर्ट, ज्यावर त्या दोषाचं नेमकं अक्षर-अंकांतलं नाव छापलं आहे, त्याच्या दोन प्रती काढा. एक बहिणीकडे ठेवा आणि एक मुलीच्या जन्मदाखल्याच्या फायलीत. तिची तपासणी होईल तेव्हा लॅब तिच्याकडे पहिल्यांदा तोच कागद मागेल.